नेरुळच्या रो-हाउसवर ३ किलोवॅट सोलर : एक उन्हाळा आणि एक पावसाळा

आधी निकाल सांगते. पॅनल चांगले, इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा) चांगला. बसवून देणारा विक्रेता कागदपत्रांत तत्पर, गच्चीवरच्या कामात ढिला. इन्व्हर्टर कंपनीच्या कॉल सेंटरने जीव नकोसा केला, पण शेवटी त्यांनी जो तंत्रज्ञ पाठवला त्याने एका दुपारीत सगळं मार्गी लावलं. पाचपैकी सामानाला साडेचार, सेवेला अडीच. त्या अडीचमधले दोन त्या एकट्या मुलाचे.

विक्रेत्याचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. या धंद्यात एकाच नावाखाली प्रत्येक भागात वेगळी माणसं काम करतात. सीवूड्सला ज्यांनी नेटकं काम केलं तीच माणसं नेरुळला येतील असं नाही.

आमचं सिडकोचं जुनं रो-हाउस. घरात सासरे (त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो), आम्ही दोघं, दोन मुलं आणि तीन एसी. मे महिन्यात वापर ५०० युनिटच्या पुढे जायचा. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे बदलतात, त्यामुळे वरचं प्रत्येक युनिट महाग पडतं. सोलर लावल्यावर आधी वाचतात ती हीच महागडी युनिटं. म्हणून आमच्यासारख्या घराला ते लवकर परवडतं. ज्यांचं बिल महिन्याला १०० युनिटच्या आत येतं त्यांनी घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी तुर्भ्याला एका कारखान्यात खरेदी विभागात होते, त्यामुळे कोटेशन वाचायची सवय आहे. तीन ठिकाणांहून मागवली आणि शेजारी शेजारी ठेवली. किमतीत फार फरक नव्हता. पॅनलचा ब्रँड, वॅट, इन्व्हर्टरचा मॉडेल नंबर तिघांनीही ठळक लिहिला होता. पण वायर कुठली, स्टँडच्या लोखंडावर गॅल्व्हनायझिंग किती मायक्रॉनचं, अर्थिंग किती ठिकाणी, हे सगळं 'इतर सामान' या एका ओळीत गुंडाळलेलं. ते मी एकेक विचारून लिहून घेतलं. खाडीची खारी हवा इथवर येते, साधं रंगवलेलं लोखंड दोन-चार पावसाळ्यांत गंजतं. अर्थिंग तीन वेगळी घेतली : पॅनलच्या सांगाड्याला एक, इन्व्हर्टरला एक आणि वीजरोधकाला (आकाशातली वीज जमिनीत सोडणाऱ्या दांड्याला) एक. कनेक्टरच्या, म्हणजे पॅनलच्या वायरी एकमेकींना जोडणाऱ्या जोडांच्या ओळीत मात्र 'स्टँडर्ड मेक' एवढंच राहिलं. त्यापुढे काही लिहून द्यायला विक्रेता शेवटपर्यंत तयार झाला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

५४० वॅटचे सहा पॅनल लावले, म्हणजे ३.२४ किलोवॅट. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. आमची गच्ची तेवढी आहे, आणि सांगाडा उंच करून घेतल्याने खाली उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळवायला जागाही उरली. एकूण २,०५,००० रुपये पडले. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे ७८,००० रुपये परत मिळतात. घरगुती ग्राहकाने त्याहून मोठा प्लँट लावला तरी आकडा तोच. त्यासाठी पॅनल भारतात बनवलेल्या सेलचेच लागतात. बाजारात त्यांना डीसीआर पॅनल म्हणतात आणि ते इतरांपेक्षा महाग असतात, तेव्हा कोणी फार स्वस्त भाव दिला तर हा प्रश्न आधी विचारा. सबसिडी अण्णांच्या खात्यात आली, कारण मीटर त्यांच्या नावावर आहे. नवी मुंबईत कित्येक घरांची बिलं अजून सिडकोकडून पहिल्यांदा घर घेतलेल्या माणसाच्या नावावर येतात. तसं असेल तर नावाचं काम सगळ्यात आधी उरका. आमच्या वेळी या सामानावर जीएसटी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झालाय.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नेट मीटर (आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणारं मीटर) लागलं आणि प्लँट सुरू झाला. पॅनल आधीच चढले होते, पण नेट मीटर येईपर्यंत स्विच बंद ठेवायला लागतो. साधं मीटर बाहेर जाणारी वीजसुद्धा आपला वापर म्हणून मोजू शकतं. ही एक गोष्ट विक्रेत्याने स्वतःहून बजावून सांगितली, त्याचं श्रेय त्याला देते.

उन्हाळा झकास गेला. मार्च-एप्रिलमध्ये रोज १३-१४ युनिट. अण्णांनी पहिल्या दिवसापासून वही घातली. ते रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा आकडा लिहितात. मोबाइलवर अ‍ॅप आहेच, पण त्याचा वायफायचा तुकडा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि राउटर बदलला की रुसतो. वही रुसत नाही. दिवसा आपण कमी वापरतो, तेव्हा जास्तीची वीज लाइनवर जाते. रात्री एसी लावले की ती परत घेतो. बिलात दोन्ही आकडे छापून येतात आणि आपण फरकाचे पैसे भरतो. उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जातात. मात्र ३१ मार्चला हिशेब मिटतो, आणि तेव्हा शिल्लक राहिलेल्या युनिटांना आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी दर मिळतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये साठवलेलं पावसाळ्यात वापरायचं, हे गणित आपल्याकडच्या हवामानाला छान बसतं. बिल शून्य होत नाही. स्थिर आकार आणि त्यावरचा कर राहतोच. 'बिल शून्य' असं कुणी तुम्हाला छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही जपून विश्वास ठेवा.

आता पावसाळा. २०२५ मध्ये मुंबईत मान्सून २६ मे रोजीच येऊन थडकला, नेहमीच्या ११ जूनच्या दोन आठवड्यांहून आधी. विक्रेता जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊन सगळं तपासून जाणार होता. त्याच्याआधी पाऊस आला. युनिटं कमी होणार हे माहीत होतंच, पण अण्णांना काहीतरी खटकलं. रात्री पाऊस पडून सकाळी लख्ख ऊन पडलं, तरी इन्व्हर्टर झोपलेला. लाल दिवा, आणि पडद्यावर इन्सुलेशन रेझिस्टन्स (वायरच्या आवरणाचा विजेला होणारा रोध) कमी असल्याचा इशारा. अकरा-बाराला आपोआप सुरू व्हायचा. अण्णा मग वहीत हिरवा दिवा लागण्याची वेळही लिहू लागले. 'रात्रभर पाऊस, सकाळी ऊन : ११.४०.' 'रात्र कोरडी : ६.३५.' सीवूड्सला नवऱ्याच्या मित्राकडे तेवढेच पॅनल आहेत. त्याच दिवशी त्याला ९ युनिट, आम्हाला ४.

विक्रेत्याला फोन केला. उत्तर : "मॅडम, पावसात कमीच होणार." वहीचं पान व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, तर म्हणाला इन्व्हर्टरचा प्रॉब्लेम आहे, कंपनीला सांगा. कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येक वेळी सिरीयल नंबर, बिलाची प्रत, पडद्याचा फोटो पुन्हा पहिल्यापासून. त्यांचं उत्तर : दोष पॅनलकडच्या वायरिंगमध्ये आहे, बसवणाऱ्याला बोलवा. पॅनलवाल्यांनी सांगितलं, आमचा माल काचेपासून काचेपर्यंत, वायर आमची नाही. मधल्या काळात माझी तक्रार 'निवारण झाले' असा मेसेज येऊन बंदसुद्धा झाली. त्या मेसेजने मला सगळ्यात जास्त राग आला. ग्राहकाला न विचारता तक्रार बंद करणं ही साधी अप्रामाणिकता आहे.

मी करारपत्र काढलं. सूर्यघर योजनेत विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते, आणि आमच्या करारात ते स्वच्छ लिहिलेलं होतं. ते कलम, वहीच्या पानांचे फोटो आणि इन्व्हर्टरच्या इशाऱ्याचे फोटो असं सगळं एका ईमेलमध्ये विक्रेता आणि कंपनी दोघांनाही एकत्र पाठवलं. खाली लिहिलं की सात दिवसांत माणूस आला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करेन. दोघांना एकाच ईमेलमध्ये घातल्यावर एकमेकांकडे बोट दाखवायची सोय राहिली नाही. कंपनीने तंत्रज्ञ पाठवला, त्याचे पैसे विक्रेत्याने भरले.

आलेला मुलगा पंचविशीचा असेल. चहाला नको म्हणाला, आणि "आजोबा, वही दाखवा" म्हणून आधी अण्णांची पानं वाचायला बसला. दोन पानं चाळून म्हणाला, "काकू, इन्व्हर्टर बरोबर आहे. तो तुम्हाला वाचवतोय." मग समजावून सांगितलं. रोज सकाळी सुरू होण्याआधी इन्व्हर्टर बघतो की पॅनलची वायर कुठे जमिनीला वीज सोडत नाही ना. कुठे ओल शिरली की आवरणाचा रोध कमी होतो, आणि मग इन्व्हर्टर चालू व्हायला नकार देतो. ऊन लागून ओल सुकली की सुरू होतो. आमचे सहा पॅनल ओळीने जोडलेले, म्हणजे उन्हात तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी. तिथे घरच्या कुणीही, अगदी नेहमीच्या इलेक्ट्रिशियननेही, हात घालू नये हे त्याने मुलांना समोर बसवून सांगितलं.

वर जाऊन त्याने स्विच पाडले, मेगर (हा रोध मोजायचं यंत्र) लावून तुकड्या-तुकड्याने मोजत गेला. तिसऱ्या आणि चौथ्या पॅनलच्या मधल्या जोडावर आकडा धाडकन खाली आला. वायर बांधलेले प्लॅस्टिकचे टाय उन्हाने तडकून तुटले होते आणि वायर लोंबून बरोबर पॅनलच्या पागोळीखाली आली होती. कनेक्टर उघडला तर आत पाणी आणि तांब्यावर हिरवट थर. नराचा तुकडा एका कंपनीचा, मादीचा दुसऱ्या. ते एकमेकांत बसतात, पण मापं आणि रबर तंतोतंत जुळत नाही, पाणी शिरतं, आणि वाईट म्हणजे उन्हाळ्यात असा जोड तापून जळूही शकतो. शिवाय तो पकडीने दाबलेला होता. त्यासाठी वेगळं क्रिंपिंगचं हत्यार येतं, ते त्याच्या पिशवीत होतं.

त्याने फक्त तो एक जोड बदलून काढता पाय घेतला नाही. साइटवर केलेले सगळे जोड एकाच मेकचे करून दिले, वायर सांगाड्याच्या आतल्या बाजूने स्टीलच्या टायने बांधली, आणि जोडाच्या अलीकडे वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी जोडात न जाता तिथूनच ठिबकेल. शेवटी पुन्हा मेगर लावून आकडा अण्णांच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिला आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी धो-धो पावसातसुद्धा हिरवा दिवा पहाटेच लागला. एवढ्या कष्टाने आणि मन लावून काम करणारी माणसं या क्षेत्रात आहेत, आणि कंपन्या त्यांना ग्राहकापर्यंत पोचू देत नाहीत, याचं वाईट वाटतं.

बाकीचं थोडक्यात. लाइट गेली की सोलरही बंद होतं, भर दुपारीसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या विजेचा शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. लाइट गेल्यावर वीज हवी असेल तर बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर घ्यावा लागतो, तो महाग. हे विक्रीच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं, सांगायला हवं होतं. कबुतरं पॅनलखाली घरटी करतात, जाळी सुरुवातीलाच लावून घ्या. धुवायचं तर सकाळी गार असताना, मऊ पोछ्याने. बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात. वॉरंटीत २५ वर्षं हा आकडा पॅनलच्या वीजनिर्मितीचा असतो. पॅनलमधल्या दोषाची आणि इन्व्हर्टरची मुदत वेगळी आणि कमी असते, आणि माणूस येण्याजाण्याचा खर्च त्यात धरलाय का ते वेगळं वाचावं लागतं. सिरीयल नंबर कंपनीकडे आपल्याच नावावर नोंदवून त्याची पावती ठेवा.

शेजारच्या काकू आता सोलर लावताहेत. त्यांचं कोटेशन मी मागच्या आठवड्यात पाहिलं. कनेक्टरच्या ओळीत पुन्हा 'स्टँडर्ड मेक'. मी ते परत पाठवायला लावलं. आता मेकचं नाव लिहून आलंय, क्रिंपिंग हत्यारानेच करणार असं लिहून आलंय, आणि दरवर्षी १५ मेच्या आत मेगर लावून आकडा लेखी देणार हेही आलंय. किंमत तीन हजारांनी वाढली, ती द्यायला काकू तयार आहेत.