शंभर कोंबड्या: पिंजऱ्यात, मोकळ्या, की सेंद्रिय शिक्क्याच्या?

घरच्या शेतात शंभरेक कोंबड्या ठेवून अंडी विकायची, तर पिंजऱ्यातल्या लेअरचा (फक्त अंड्यांसाठी पाळायच्या संकरित कोंबडीचा) विचार आधीच सोडा. बीव्ही-300 ही लेअरची जात वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते हे खरं, पण तिच्या अंड्याचा भाव रोज एनईसीसी ही अंडी उत्पादकांची संस्था जाहीर करते आणि त्या भावात हजारोंनी पक्षी असणाराच तरतो. किरकोळीने खाद्य आणणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

खरी निवड मोकळी सुधारित गावरान की प्रमाणित सेंद्रिय, ही. एकूण खर्चात साठ-सत्तर टक्के खाद्यच असतं, म्हणून हिशेब तिथूनच मांडावा. कोंबडीला दिवसाला 110 ग्रॅम खाद्य धरा. ग्रामप्रियासारखी सुधारित जात मोकळी सोडली की शंभरात रोज पन्नास अंडी धरणं शहाणपणाचं. म्हणजे अंड्यामागे 220 ग्रॅम. भरडा 30 रुपये किलोने पडला तर 6 रुपये 60 पैसे. किडे, गवत, खळ्यावरचं सांडलेलं धान्य यांतून सुटेल ती बचत. सेंद्रिय खाद्य 50 रुपयांनी पडलं, तर तेच अंडं नुसत्या खाद्यात 11 रुपयांवर जातं. शिवाय तलंग (तरुण कोंबडी) अंड्यावर येईपर्यंत पाचेक महिने सात-आठ किलो खाते, तेही महागच. (अस्सल देशी कोंबडी हौसेला ठीक, साठ-ऐंशी अंडी देते आणि मधूनमधून अंडी थांबवून खुडूक बसते.)

सेंद्रियाचं घोडं अडतं ते सोयापेंडीपाशी. बाजारातली डीओसी (तेलविरहित पेंड) हेक्झेन या रसायनाने तेल काढलेली असते, ती सेंद्रिय मानकांत बसत नाही. घाण्याची पेंड हवी, तीही सेंद्रिय सोयाबीनची. वरून शुद्ध मिथिओनिन (प्रथिनांतला एक घटक) घालायचीही सोय नाही. प्रथिनं कमी पडली की अंडी बारीक होतात, कोंबड्या एकमेकींची पिसं उपटू लागतात. त्यामुळे मका आणि सोयाबीन घरचं आणि शेत आधीच प्रमाणपत्राखाली असेल, तरच या वाटेत राम आहे. खाद्य विकत आणून सेंद्रिय अंडी करणं मला तरी परवडणारं दिसत नाही.

शिक्का कुठे लागतो, हेही पाहा. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा यंत्रणेच्या 2017 च्या नियमांत, थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे. माल सेंद्रिय मात्र खराच हवा. डीओसी चारून तो शब्द वापरू नये. सोसायटीत ओळखीने अंडी जाणार असतील तर ‘मोकळी गावरान’ एवढं सांगणं पुरतं. मॉलच्या फळीवर ठेवायची असतील तर प्रमाणपत्राशिवाय गत्यंतर नाही. पाच शेतकरी मिळून पीजीएस गट (शेतकरीच एकमेकांची शेतं तपासून प्रमाणित करतात) करता येतो, तो त्यातल्या त्यात स्वस्त.

दोन्हीकडे मानमोडी (राणीखेत) रोगाची लस, मुंगसापासून राखण आणि संध्याकाळी सगळ्या खुराड्यात आल्या का ही मोजदाद सारखीच. आणि श्रावणही सारखाच: थंडीत रांग लावणारं गिऱ्हाईक महिनाभर फिरकत नाही, कोंबड्या मात्र खायच्या थांबत नाहीत. पिल्लं मागवायच्या आधी त्या महिन्यातली रोजची पन्नास अंडी कोण घेणार, ते ठरवून ठेवा.