भिंतीला लावलेलं यंत्र वाजलं आणि आमचे 1,74,900 रुपये गेले

आधी आकडा सांगते. 1,74,900 रुपये. नातेवाइकांत आम्ही "पन्नासएक हजारांना बसला फटका" असं सांगत होतो, ते खोटं होतं. खरा आकडा सांगायची लाज वाटत होती. मी 31 वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, माझे मिस्टर एसटीत हिशेबनीस होते. आम्हा दोघांना घराची गळती काढून देतो म्हणून फसवलं हे कुणाला सांगायचं तोंडच नव्हतं. पण आमच्याच गल्लीच्या टोकाला गेल्या महिन्यात, त्या लोकांनी आमच्या गच्चीला दिला तसलाच करडा रंग एका गच्चीवर चढलेला बघितला आणि ठरवलं, आता गप्प बसायचं नाही.

सांगलीत शंभर फुटी रस्त्याच्या मागच्या बाजूला आमचं घर आहे. 1999 साली बांधलं. पूर्वी ही सगळी शेती, काळी जमीन. घर आमचं आहे, कष्टाचं आहे, पण त्याच्यात मला न आवडणाऱ्या इतक्या गोष्टी आहेत की काय सांगू! स्वयंपाकघर पश्चिमेला आणि खिडकीवर छज्जा नाही, त्यामुळे चार वाजता ओट्यापाशी उभं राहवत नाही. जिना बाहेरून. न्हाणीघर देवघराच्या भिंतीला लागून. जोतं बांधताना रस्त्यापेक्षा दोन फूट वर होतं, नंतर रस्त्यावर थरावर थर पडत गेले आणि आता रस्ता आणि जोतं एका पातळीला आलं आहे. गच्चीचा उतार तर मुळातच चुकलेला. पाणी पाइपाच्या तोंडाकडे जायच्या ऐवजी जिन्याच्या खोलीपाशी साचतं. आणि ओल. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी 45 फूट आहे), तेव्हा आमच्या घरात छातीला लागेल इतकं पाणी पाच दिवस उभं होतं. त्यानंतर भिंतींना जो खार फुटला तो आजपर्यंत. रंग काढला की वर्षभरात पोपडे. पूर बघितलेल्या सांगलीकराला यातलं काही समजावून सांगायला नको.

एप्रिलमध्ये पेपरात एक पत्रक आलं. गळती, ओल, लोणा, दहा वर्षं लेखी गॅरंटी, घरी येऊन मोफत तपासणी. फोन केला तर दुसऱ्याच दिवशी दोघं हजर. एक पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. दुसरा पोरगा, हातात बॅटरी. चहा घेतला आणि त्या पस्तिशीच्या माणसानं मला विचारलं, "काकू, गळतीचं नंतर बघू. आधी सांगा, या घरातलं तुम्हाला काय काय आवडत नाही?"

सव्वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मिस्टरांना घराबद्दल बोललं की राग येतो, मुलगा पुण्याला, त्याला वेळ नाही. मी तासभर बोलत होते. तो वहीत लिहून घेत होता, मध्ये मध्ये "बरोबर आहे काकू, हा तुमचा दोष नाही, त्या वेळच्या कॉन्ट्रॅक्टरनं केलेली चूक आहे" असं म्हणत होता. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर काकूची बाई झाले. "बाई, मीपण झेडपीच्या शाळेतलाच." दोन दिवसांनी त्यानं जे कोटेशन दिलं त्यातली एकेक ओळ माझ्याच बोलण्यातून उचललेली होती. म्हणून सांगते, घरात शिरलेल्या माणसाला आपल्या घराची गाऱ्हाणी सांगू नका. काम कुठलं करायचं तेवढंच सांगा, बाकी त्याला बघू द्या, बोलू द्या.

आता ज्या क्षणी मला कळायला हवं होतं तो क्षण.

त्याच्याकडे मोबाइलएवढं एक यंत्र होतं, टोकाला दोन सुया. त्या भिंतीला टेकवायच्या की आकडा येतो, आणि ओल जास्त असेल तर लाल दिवा लागून पी-पी वाजतं. हॉलच्या भिंतीला वाजलं, तिथं ओल आहेच. न्हाणीघराच्या भिंतीला वाजलं. मग तो देवघराच्या पूर्वेच्या भिंतीपाशी गेला. ही भिंत आमच्या घरातली एकमेव चांगली भिंत आहे. सकाळी आठपासून तिच्यावर ऊन असतं, रंग शाबूत आहे, हात लावला तर कोरडी ठणठणीत. तिथंही ते यंत्र वाजलं. तितक्याच जोरात.

माझे मिस्टर तिथंच उभे होते. ते म्हणाले, "अहो, ही भिंत तर कोरडी आहे." तो म्हणाला, "साहेब, हाच धोका. ही आतून ओली आहे, अजून वर आलेली नाही. पुढच्या वर्षी येणार." आणि मी, मी ह्यांनाच गप्प केलं. "तुम्हाला काय कळतंय त्यातलं, यंत्र खोटं बोलेल का," असं म्हणाले. त्या परक्या माणसासमोर म्हणाले. पैसे गेल्याचं दुःख आहे, पण रात्री झोप मोडते ती या वाक्यानं. सव्वीस वर्षं त्या भिंतीला रोज हात लागतोय माझा, समईची वात तिथंच लावते मी. माझ्या हाताला कोरडं लागतंय आणि मी दोन सुयांवर विश्वास ठेवला.

नंतर माझ्या एका विद्यार्थ्यानं, तो आता सिव्हिल इंजिनिअर आहे, ते मला समजावलं. ते यंत्र पाणी मोजत नाही, दोन सुयांच्या मधून वीज किती सहज जाते ते मोजतं. भिंतीत क्षार असले तरी वीज जाते. आत लोखंडी पाइप किंवा जाळी असली तरी जाते. पूर येऊन गेलेल्या घराच्या भिंतीत क्षार असणारच, म्हणजे सांगलीतल्या निम्म्या घरांत ते यंत्र कुठंही टेकवा, वाजणार. ओल बघायची असेल तर हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतून थेंब आले तर भिंतीतून ओल येते आहे. बाहेरून आले तर तो हवेतला दमटपणा. याला एक रुपया लागत नाही. हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला शिकवलं नाही.

आता हिशेब. गच्ची 1,080 चौरस फूट, दर 95 रुपये, म्हणजे 1,02,600. दोन न्हाणीघरं, फरशी न फोडता ग्राउटिंग (म्हणजे सांधे भरणं), प्रत्येकी 12,500, म्हणजे 25,000. भिंतींना भोकं पाडून केमिकलचं इंजेक्शन, 64 फूट, 450 रुपये फूट, म्हणजे 28,800. बेरीज 1,56,400. बेरीज मी स्वतः तपासली, ती अचूक होती. गच्ची मात्र मी टेप घेऊन मोजली नाही. नंतर मोजली तर 940 फूट भरली.

बिलाचं विचारलं तर म्हणाला, "पक्कं बिल घेतलं तर 18 टक्के जीएसटी, 28,152 रुपये वाढतील. तुमची पेन्शन, मला बरं वाटत नाही." आम्ही बिनबिलाचं कबूल केलं. हो, केलं. पेन्शनीवर जगणाऱ्याला 28 हजार म्हणजे महिनाभराचं घर चालतं, आणि छोट्यामोठ्या कामाला गावात कोण बिल घेतं? गवंडी, प्लंबर, रंगारी, आजवर कुणाचंच घेतलं नाही. त्यामुळे आम्ही लोभी होतो असं कुणी म्हणू नये. पण तुम्ही घ्या. बिलावर जीएसटी क्रमांक असतो, पंधरा अक्षरांचा, महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला की फर्म कुणाच्या नावावर आहे ते समोर येतं. पाच मिनिटांचं काम.

पैसे असे गेले. टोकन 5,100. मालासाठी 70,000. तिसऱ्या दिवशी 50,000. शेवटच्या दिवशी 31,300. मध्येच जिन्याच्या खोलीचा थोडा गिलावा पाडून आतली गंजलेली सळई दाखवली आणि "हे आत्ता केलं नाही तर स्लॅब बसेल" म्हणून 18,500 जादा. सगळे पैसे मोबाइलवरून पाठवले. पहिल्यांदा पाठवताना स्क्रीनवर वेगळंच, एका बाईचं नाव आलं. मी विचारलं. "ताईंचं खातं आहे, ऑफिसचं खातं ऑडिटला आहे." असं काही असतं का? नाव जुळलं नाही की तिथंच थांबा. बटण दाबू नका.

काम चार दिवस. ड्रमवरचे कागद खरवडलेले होते. गच्चीवर पाणी साठवून टेस्ट करा असं मी म्हटलं होतं, हे मुद्दाम लिहिते. उत्तर आलं, "ते जुन्या पद्धतीच्या कामाला, आपलं नॅनो केमिकल आहे, त्याला गरज नाही." खोटं. पद्धत कुठलीही असो, पाइपाचं तोंड बंद करून गच्चीवर 48 तास पाणी उभं करायचं आणि खालून छत बघायचं, यातून कुणालाही सूट नाही. जो नाही म्हणतो त्याला दारातूनच परत पाठवा. आणि चौथा हिस्सा तरी पैसे पहिला मोठा पाऊस पडून जाईपर्यंत हातात ठेवा. जो काम करणारा आहे तो थांबतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. आधी जिन्याच्या खोलीत गळायचं, आता आमच्या पलंगावर गळायला लागलं. मिस्टर छत्री घेऊन गच्चीवर गेले तर घोट्याएवढं पाणी. त्या लोकांनी करडा लेप देताना पाइपाच्या तोंडाशीच माल चढवला होता, पाण्याला जायला वाटच नव्हती. फोन चार दिवस वाजत राहिला, पाचव्या दिवसापासून बंद. गॅरंटी कार्डावर, लॅमिनेशन केलेल्या, कोल्हापूर रोडचा एक गाळा होता. रिक्षा करून गेलो. तिथं पिठाची गिरणी आहे, बारा वर्षांपासून. गिरणीवाला म्हणाला, "बाई, या महिन्यात तुम्ही तिसऱ्या."

मग पोलीस ठाणं. कुठलं ते लिहीत नाही. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून आणा. तिसऱ्या दिवशी अर्ज वाचून हवालदार म्हणाले, "त्यानं काम केलंय ना? मग फसवणूक कशी? हे दिवाणी आहे, वकील बघा." मी सांगितलं, पत्ता खोटा आहे, खातं दुसऱ्याचं आहे, गिरणीवाल्याकडे आणखी दोघं येऊन गेले. पैसे घेतानाच फसवायचा इरादा होता की नाही हे तपासायचं काम तुमचं की माझं? भारतीय न्याय संहितेत 318 कलम कशासाठी आहे? पूर्वी त्यालाच 420 म्हणायचे. उत्तर काय, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, बघून पैसे द्यायचे होते." आठ खेपा घातल्या. 68 वर्षांचा माणूस, गुडघ्याचं दुखणं, आणि लाकडी बाकावर अडीच तास बसवून ठेवायचं, आणि शेवटी सांगायचं की तपासी अंमलदार रजेवर आहेत. अर्जाची पोच मागितली तर "पोच कशाला, आम्ही काय पळून जातोय का?" पोच मी भांडून घेतली. तुम्हीही घ्या, तिच्याशिवाय पुढचं एकही दार उघडत नाही. बँकेत गेलो. तिथल्या मुलीनं संगणकातून मान वर न करता सांगितलं, "पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही." ज्या खात्यात गेले ते कुणाचं? "ते पोलिसांनी पत्र दिलं तर सांगू." पोलीस म्हणतात बँकेतून माहिती आणा, बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा. या दोन खिडक्यांच्या मध्ये आमचा सबंध पावसाळा गेला. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर टपालानं पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते, कायद्यातच तशी सोय आहे, हे आम्हाला ठाण्यात कुणी सांगितलं नाही. एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. तसा अर्ज आता पाठवला आहे. त्यांनीच ग्राहक आयोगाचंही सांगितलं. बिल नसलं तरी मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद आणि हातानं लिहिलेलं कोटेशन पुरावा म्हणून चालतं, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. अडचण एकच, नोटीस पाठवायला समोरच्याचा खरा पत्ता लागतो. पिठाच्या गिरणीला नोटीस पाठवून काय करू?

गळती शेवटी आमच्याच भागातल्या म्हाताऱ्या गवंड्यानं काढली. त्यानं गच्चीवर जाऊन तंबाखू मळत पाच मिनिटं नुसतं बघितलं. "बाई, कठड्याचा सांधा उघडा हाय, तिथं वाटाच मारलेला न्हाई. पाणी तिथनं आत जातंय." लेप खरवडला, पाइपाचं तोंड मोकळं केलं, स्लॅब आणि कठडा जिथं मिळतो तिथं चारी बाजूंनी गोल वाटा, म्हणजे कोपऱ्यात मालाचा गोलसर भराव, भरला आणि दोन दिवस पाणी उभं केलं. माल-मजुरीसकट 14,300 रुपये. खालच्या ओलीचं मात्र त्यानं स्पष्ट सांगितलं, काळ्या जमिनीत जोतं दबलेलं घर आहे, ती कमी होईल, जाणार नाही.

देवघराच्या पूर्वेच्या भिंतीला त्यांनी सहा-सहा इंचांवर 23 भोकं पाडली आहेत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एका रांगेत, वरून नुसतं पांढरं सिमेंट थापलेलं. मिस्टर म्हणतात रंग मारून टाकू, रोज डोळ्यांसमोर नको. मी मारू देत नाही. पंचनाम्याला माणूस पाठवतो असं ठाण्यातून ऑगस्टमध्ये सांगितलं होतं. अजून कुणी आलेलं नाही.