जर्मन न्यूयॉर्क पायी पाहायचं तर: ईस्ट व्हिलेज की यॉर्कव्हिल?

न्यूयॉर्कमधल्या या दोन जुन्या जर्मन वस्त्या; हातात अर्धाच दिवस असेल तर मी ईस्ट व्हिलेज सुचवेन. एकोणिसाव्या शतकात टॉम्पकिन्स स्क्वेअरभोवतीच्या या वस्तीचं नावच होतं 'क्लाइनडॉइचलँड', म्हणजे छोटं जर्मनी. जर्मन आता कानावर पडत नाही, भिंतींवर मात्र वाचायला मिळते. सेकंड अव्हेन्यूवरच्या १८८४ सालच्या ऑटेनडॉर्फर वाचनालयाच्या दर्शनी भागावर 'मोफत वाचनालय' असं जर्मनमध्ये कोरलंय. सेंट मार्क्स प्लेसला बारा नंबरची इमारत जर्मन नेमबाज मंडळाची. तिच्यावरच्या वाक्याचा अर्थ 'एकी हेच बळ'. आपल्याकडच्या एखाद्या तालमीवरही शोभलं असतं.

पण खरं थांबायचं ते पूर्व सहाव्या रस्त्यावर. इथल्या जर्मनांच्या सेंट मार्क्स लुथरन चर्चची वार्षिक सहल १५ जून १९०४ रोजी 'जनरल स्लोकम' बोटीने निघाली. वार बुधवार, पुरुष कामावर, त्यामुळे बोटीवर बहुतेक बायका-मुलंच. नदीत बोट पेटली आणि हजाराहून जास्त माणसं गेली. चर्चच्या इमारतीत १९४०पासून यहुद्यांचं सिनेगॉग आहे, आणि रस्त्याचा हाच तुकडा नंतर 'इंडियन' हॉटेलांसाठी गाजला. ती चालवणारे बहुतेक बांगलादेशी! हे सगळं नुसतं बघून कळत नाही, म्हणून इथे जाणकार वाटाड्या घ्याच. टॉम्पकिन्स स्क्वेअरच्या बागेतलं गुलाबी संगमरवराचं स्लोकम स्मारक इतकं छोटं आहे की एकट्याने गेलात तर हमखास चुकेल.

जर्मन आधीपासूनच उत्तरेला यॉर्कव्हिलकडे सरकत होते, या दुर्घटनेने त्याला वेग आला. तिथे वाटाड्यावर पैसे घालवू नका. ८६वा रस्ता आता टॉवर आणि साखळी दुकानांचा झालाय, रूपर्टची बिअरची भट्टी १९६५ला बंद झाली, ग्लेझर बेकरी २०१८ला. उरलंय ते मुख्यतः पोटासाठी: १९३७ सालचं शालर अँड वेबर हे सॉसेजचं दुकान आणि शेजारचं हायडलबर्ग रेस्टॉरंट. शाकाहारी मंडळींची इथे जरा पंचाईतच. सोबत आई-बाबा किंवा लहान मुलं असतील तर मात्र मी यॉर्कव्हिलच म्हणेन: चालणं कमी, आणि शेवटी नदीकाठची कार्ल शुर्झ बाग.

पूर्ण दिवस असेल तर सकाळी ॲस्टर प्लेसला उतरून ईस्ट व्हिलेज करा, मग सहा नंबरच्या सबवेने थेट ८६वा रस्ता गाठा. बाग शेवटी ठेवा. समोरून ईस्ट रिव्हर वाहते; सकाळी जिच्याबद्दल ऐकलंत ती स्लोकम इथूनच, नव्वदाव्या रस्त्याच्या आसपास, जळत पुढे गेली होती.