'इजिप्शियन टी हिबिस्कस' आणि सात दिवसांची हमी

पावसाळा तोंडावर आला की गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या मोबाइलवर एक जाहिरात हमखास येते: 'दुर्मिळ इजिप्शियन टी हिबिस्कस! कुंडीतच लाल फळं, घरचा हर्बल चहा.' हे रोप म्हणजे आपली लाल अंबाडी, रोझेल. इजिप्त-सुदानमध्ये तिच्या वाळवलेल्या बोंडांचा 'करकडे' नावाचा चहा करतात हे खरं. पण विदर्भात याच बोंडांची चटणी आणि सरबत घरोघरी होतं, ते जाहिरातवाला कशाला सांगेल? मला पुण्यात रोप मिळेना, म्हणून त्याच्याकडून चार मागवली. एकाचे साडेतीनशे, कुरिअर वेगळं.

रोपं आली ती चांगली तजेलदार. हमीही होती: 'पार्सल मिळाल्यापासून सात दिवस.' खरी मेख इथेच आहे. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ही अंबाडी फुलत नाही. जूनमध्ये लावा नाहीतर जुलैत, फूल दिसणार ते ऑक्टोबरच्या सुमारास. चुकीचं रोप पाठवलंय हे कळेपर्यंत त्याची हमी केव्हाच संपलेली असते.

फुलं आली, फिकट पिवळी, मध्ये गडद लाल. थेट जाहिरातीसारखी! पण फूल गळून गेलं तरी बोंड काही भरेना. लाल अंबाडीत फळाभोवतीच्या पाकळ्यांसारख्या दलांना गर धरतो, दात लावला की जीभ आंबते, आणि चहा होतो तो त्या दलांचाच. माझ्या झाडांवर मात्र हिरवट, हाताला टोचणारी कोरडी टरफलं. ही निघाली वाखाची अंबाडी, जिच्या सालीचे दोर वळतात.

मेसेज केला, तर उत्तर आलं, "मॅडम, ऊन कमी पडलं असेल." अहो, ऊन कमी पडलं तर बोंडं कमी लागतील, त्यांना काटे कसे फुटतील? हे विचारल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. बिल दिलेलं नव्हतं, पैसे कोणाच्या तरी खासगी यूपीआयवर गेलेले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवली आहे, पण हातात पुरावा काय, तर पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट.

पानाच्या आंबटपणावरून ओळखता येतं असं सांगणारे भेटतील. त्यावर विसंबू नका, दोन्हींची पानं आंबटसरच लागतात. त्यापेक्षा खोडावरून बोट फिरवा. वाखाच्या अंबाडीचे बारीक काटे लागतात; लाल अंबाडीचं खोड बहुधा लालसर आणि गुळगुळीत असतं. विकणाऱ्याकडे बिल मागा, आणि त्याच्याच झाडावरचं बोंड आडवं कापून काढलेला फोटोही. माझ्याकडच्याने इंटरनेटवरचाच फोटो पुन्हा पाठवला होता.

नागपूर-वर्ध्याकडे कोणी ओळखीचं असेल तर हिवाळ्यात झाडावरच पिकून वाळलेली बोंडं मागवा. बी आतच असतं, पुढच्या जूनमध्ये पेरता येतं.