बंद कोंदणातल्या हिऱ्याच्या कुड्या: पैसे कुठे गेले?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कुटुंबाने मुलीच्या लग्नासाठी हिऱ्यांच्या कुड्यांचा जोड घेतला. मधे एक आणि भोवती सहा, सगळे तीन मिलिमीटरचे, दोन्ही कानांचे मिळून चौदा हिरे. सोबतच्या कार्डावर 1.40 कॅरट, रंग ई-एफ (म्हणजे रंगहीन), शुद्धता व्हीव्हीएस (म्हणजे आतले डाग अतिसूक्ष्म) असं छापलेलं. लग्न मे महिन्यातलं. गणपतीला मुलगी माहेरी आली तेव्हा डाव्या कुडीतले तीन हिरे काळपट दिसत होते. दुकानदाराचं उत्तर तयार होतं: "तेलाचा हात लागला असेल काकू, कोमट पाण्यात भिजत ठेवा."

हिऱ्याला तेल चिकटतं, एवढं त्यातलं खरं. केसांचं खोबरेल मागच्या पैलूंवर बसलं की चांगला हिराही मंद दिसतो. मागून उघडं कोंदण असेल तर कोमट पाणी, भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश एवढ्यात काम होतं. पण या कुड्या मागून बंद होत्या. बंद कोंदण भिजवलं की पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. इथे तेच झालं, उरलेल्या हिऱ्यांपैकी आणखी दोन काळवंडले.

शेवटी ओळखीच्या सोनाराने मागचा पत्रा उचलला. प्रत्येक हिऱ्याखाली चकचकीत पन्नी होती. पावसाळ्यातली दमट, खारी हवा आत शिरून ती पन्नी काळी पडली होती. म्हणजे दुकानात दिसलेली चमक बरीचशी पन्नीची होती. बंद कोंदण ही मुळात फसवणूक नाही, जुन्या कुड्या तशाच घडवत. पण आत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि विकणाऱ्याला नेमकं ते माहीत असतं.

पन्नी लागलीच का, याचं उत्तर हिऱ्याच्या कटमध्ये, म्हणजे त्याला पैलू कसे पाडले यात आहे. गोल ब्रिलियंट कटला 57 किंवा 58 पैलू असतात. वरून शिरलेला प्रकाश मागच्या तिरक्या पैलूंवर दोनदा आपटून परत वर यायला हवा. हिऱ्याच्या आतून पैलूवर प्रकाश 24.4 अंशांपेक्षा जास्त तिरका पडला तरच तो परततो, कमी पडला तर आरपार निघून जातो. म्हणून मागच्या पैलूंचा उतार 41 अंशांच्या आसपास ठेवतात. एकूण खोली व्यासाच्या 59 ते 62 टक्के असली की साधारण बरं. हे गणित हिरे घडवणाऱ्या घराण्यातल्या मार्सेल टोल्कोव्स्कीने 1919 मध्ये मांडलं, त्यानंतर त्यात बारीकसारीक सुधारणाच झाल्या. उथळ हिऱ्यात प्रकाश खालून गळतो, वरून पाहिलं तर टेबलाच्या, म्हणजे वरच्या सपाट पैलूच्या, आत फिकट पांढरट कडं दिसतं. फार खोल हिऱ्यात मधोमध काळा डाग दिसतो. खाली पन्नी ठेवली की गळलेला प्रकाश परत फिरतो आणि पिवळसर हिराही पांढरा भासतो.

या कुड्यांतले हिरे उथळ होते: व्यास 3 मिलिमीटर, खोली जेमतेम 1.55. नीट कापलेला हिरा याच व्यासाला 1.8 च्या आसपास खोल असतो आणि दहा सेंट भरतो (100 सेंट म्हणजे एक कॅरट). हे भरले साडेआठ सेंट. दुकानाने हिरे तोललेच नव्हते, "तीन मिलिमीटर म्हणजे दहा सेंट" असा हिशेब लावून चौदाने गुणलं. प्रत्यक्षात 1.19 कॅरट निघालं. पंधरा टक्के वजन हवेतलं, आणि जे होतं त्याला पाणी नाही.

दुसरी लबाडी दराची. प्रत्येक कुडीचे 70 सेंट धरून दर लावला तो 70 सेंटच्या एका हिऱ्याचा. मोठा खडा दुर्मिळ, म्हणून आकार वाढतो तसा कॅरटमागे दरही चढतो. दहा-दहा सेंटचे सात हिरे म्हणजे 70 सेंटचा एक हिरा नव्हे. एकूण वजन सांगून मोठ्या खड्याचा भाव घेणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात न पकडली जाणारी युक्ती असावी.

दहापट भिंगातून पाहिल्यावर चौदातल्या पाच हिऱ्यांत काळे ठिपके सहज दिसले. व्हीव्हीएसमध्ये ते तरबेज डोळ्यालाही कष्टाने दिसायला हवेत, सहज दिसले म्हणजे एसआय ही बरीच खालची प्रत किंवा त्याखालचं. खरं तर एवढ्या लहान हिऱ्यांसाठी व्हीव्हीएसचे पैसे मोजूच नयेत. व्हीएस (व्हीव्हीएसच्या लगेच खालची प्रत) आणि व्हीव्हीएसमधला फरक कानात घातल्यावर कुणालाच कळत नाही, कट खराब असेल तर समोरच्या बाकावरूनही कळतं.

सोनं मात्र चोख निघालं. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावर कोरलेला सहा अक्षरी क्रमांक, टाकला तर 750 चा (18 कॅरेट सोन्याचा) हॉलमार्क जुळला. पण हॉलमार्क फक्त सोन्याचा, हिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय सोन्याचा दर 7.20 ग्रॅम या एकूण वजनावर लावला होता, हिऱ्यांसकट. एक कॅरट म्हणजे 0.2 ग्रॅम. पाव ग्रॅमच्या आसपास हिरे असे दोनदा विकले गेले, एकदा हिरा म्हणून आणि एकदा सोनं म्हणून.

दुकानात हिरा तपासायचं पेन लावून "बघा, खरा हिरा" असं दाखवलं होतं, आणि हिरे खरेच होते. पण ते पेन फक्त उष्णता किती पटकन वाहते ते पाहतं. मॉइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या खड्यावर ते बऱ्याचदा फसतं, प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा त्यातून सुटतो, आणि कटबद्दल ते अवाक्षर बोलत नाही.

कुड्या घ्यायच्याच तर मागून उघड्या घडवून घ्या. जडवण्याआधी सुटे हिरे समोर काट्यावर ठेवायला सांगा, दोन-चार हिऱ्यांची खोली गेजवर मोजून मागा. नाही म्हटलं तर उठा. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली काचही चमकते, तेव्हा हिरा घेऊन पायरीवर या आणि सावलीत बघा. दहा सेंटच्या हिऱ्यांना सुटे प्रमाणपत्र सहसा नसतं, पूर्ण दागिन्याचं मिळतं, आणि जडवलेल्या हिऱ्याची प्रत त्यात अंदाजानेच दिलेली असते. ते कुठल्या प्रयोगशाळेचं आहे ते पाहा आणि त्यावरचा नंबर तिच्या संकेतस्थळावर तपासा. दुकानाने स्वतः छापलेल्या कार्डाला काही किंमत नाही.

पक्क्या बिलात हिऱ्यांची संख्या, वजन, कॅरटमागे दर, रंग, शुद्धता, नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, सोन्याचं निव्वळ वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. या कुटुंबाच्या बिलावर होतं "हिरे कुडी 1 जोड" आणि खाली एक आकडा. तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते, जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. पण 1.40 कॅरट आणि व्हीव्हीएस हे दोन्ही फक्त बिनसहीच्या कार्डावर. त्यात पत्राही बाहेरच्या सोनाराने उचललेला, त्यामुळे "हिरे आमचे नव्हेतच" म्हणायला दुकान मोकळं झालं. असा संशय आला तर आधी फोटो आणि वजन, मग दुकानाला लेखी पत्र, आणि त्यानंतरच कुडी उघडायची, तीही प्रयोगशाळेत.