सेलमधला ४३ इंची स्मार्ट टीव्ही, वॉरंटी संपल्यावर

पॅनेल चांगलं आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे तक्रारीच जास्त आहेत. ४३ इंची, ४के, ६० हर्ट्झ, २ जीबी रॅम, ८ जीबी स्टोरेज, गूगल टीव्ही आणि खोक्यावर लिहिलेला २४ वॉटचा आवाज, असा हा सेलमधला ठरलेला साचा. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीत वेगवेगळ्या नावांचे टीव्ही बऱ्याचदा एकाच कंत्राटी कारखान्यात जुळवले जातात आणि आतला बोर्डही सारखाच निघतो, त्यामुळे इथे लिहिलेलं बहुतेक सगळं शेजारच्या ब्रँडलाही लागू पडेल. वॉरंटी संपेपर्यंत काच, रंग, आवाज यांत फरक पडला नाही. बिघडत गेलं ते काचेच्या मागचं सॉफ्टवेअर आणि टीव्हीभोवतीचा पैशांचा व्यवहार.

किमतीपासून सुरुवात करू. 'नो कॉस्ट ईएमआय' फुकट नसतो. व्याजाइतकी सूट विक्रेता आधी देतो आणि बँक तेच व्याज हप्त्यांतून वसूल करते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या खात्यावर पडतो, शिवाय बँकेची प्रोसेसिंग फी असते. ₹२४,००० चा टीव्ही, सहा हप्ते, १६ टक्के दर धरला तर व्याज साधारण ₹१,१०० आणि त्यावर जीएसटी ₹२०० च्या आसपास. फी ₹१९९ असेल तर करासह ₹२३५. म्हणजे ₹४०० च्या वर गेलेच. बँक ऑफरची सूट ₹५०० असेल तर तिच्यात उरलं काय, ते बघा. दुसरं म्हणजे खोडून दाखवलेल्या किमतीवर जाऊ नका. ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे आधी ₹२५,६०० ला असलेला टीव्ही विक्रेत्याने स्वतः एक पैसाही न सोडता ₹२३,६०० ला मिळायला हवा. 'महाबचत' मोजायची ती त्याखाली.

डिलिव्हरीला ओपन बॉक्सचा, म्हणजे खोकं समोर उघडून दाखवण्याचा, पर्याय असेल तर तोच घ्या, आणि ओटीपी देण्याआधी टीव्ही चालू करून पांढरा, काळा, लाल असे पूर्ण रंगाचे पडदे बघा. तडा गेलेलं पॅनेल वॉरंटीत बसत नाही. ओटीपी दिला की तडा वाहतुकीत गेला हे सिद्ध करणं तुमच्याकडे येतं. 'सात दिवसांत परत' असं लिहिलेलं असलं तरी बहुधा ते बदलून देणं असतं, तेही कंपनीचा तंत्रज्ञ येऊन शेरा मारून गेल्यावर. म्हणून बसवायला माणूस चौथ्या दिवशी येणार म्हणाला तर त्याची वाट न बघता पायांवर उभा करून टीव्ही आधी तपासा.

बसवणारा माणूस स्टॅबिलायझर विकायला बघतो. टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आतला पॉवर सप्लाय चढउतार स्वतःच सांभाळतो. खरा धोका वेगळा आहे. न्यूट्रल तुटली की घरात ३००–४०० व्होल्ट येऊ शकतात, आणि पावसाळ्यात वीज पडली की झटका केबलच्या किंवा लॅनच्या वायरीतून एचडीएमआय किंवा लॅन पोर्टमध्ये शिरतो. पहिल्यासाठी घराच्या बोर्डावर ओव्हर व्होल्टेज प्रोटेक्टर हवा. दुसऱ्यासाठी गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर सेट-टॉप बॉक्सची आणि लॅनची वायरही काढायची. स्पाइक गार्ड लावाच, पण तो न्यूट्रल तुटल्यावर वाचवेल या भरवशावर राहू नका.

आता चित्र. दुकानात उठून दिसावं म्हणून कारखान्यातून 'व्हिव्हिड' मोड आणि बॅकलाइट १०० वर ठेवून येतात. हे दोन्ही पहिल्याच दिवशी बदला: मोड 'मूव्ही', रंगाचं तापमान 'वॉर्म', शार्पनेस १० च्या खाली, मोशन स्मूदिंग आणि नॉइज रिडक्शन बंद. बॅकलाइट दिवसा ६०–७०, रात्री ४० पुरतो. हे नुसतं डोळ्यांसाठी नाही. स्वस्त टीव्हीत सगळ्यात आधी जातात त्या बॅकलाइटच्या एलईडी पट्ट्या. पट्टीतले दिवे एकापुढे एक मालिकेत जोडलेले असतात. कायम पूर्ण प्रवाहावर तापून त्यातला एक उघडला की अख्खी मालिका विझते. लक्षण ठरलेलं आहे: आवाज येतो, चित्र नाही. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे आणि 'पॅनेल गेलं, नवीन घ्या' म्हणणारा तुम्हाला बनवतोय. पट्ट्यांचा पूर्ण संच बदलायला सांगा. एकच दिवा बदलला तर बाकीचे तेवढेच शिजलेले असतात, काही महिन्यांत पुन्हा तेच. जोखीम एवढीच की पट्ट्यांपर्यंत पोचायला काच उचलावी लागते आणि तिच्या कडेच्या रिबनी नाजूक असतात. हे काम रोज करणाऱ्याकडेच द्या.

एचडीआरचं, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणाऱ्या चित्राचं, चिन्ह खोक्यावर मोठं असतं. अडीचशे-तीनशे निट्सच्या (निट हे उजेडाचं माप), लोकल डिमिंग म्हणजे बॅकलाइट भागाभागाने मंद करण्याची सोय नसलेल्या पॅनेलवर एचडीआर म्हणजे फाइल वाचता येते एवढंच. अंधारे प्रसंग आणखी अंधारे दिसतात. आवाजाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. स्पीकर खाली तोंड करून आहेत, संवाद भिंतीला ऐकू येतात. एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर देणारा) लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टला साधा साउंडबार लावला की प्रश्न मिटतो.

सॉफ्टवेअर मात्र सविस्तर सांगतो, कारण पैसे इथे वाया जातात. ८ जीबीपैकी हाताशी येतात साडेचार-पाच. त्यात आधीपासून कोंबलेली अ‍ॅप्स, जी काढता येत नाहीत. प्रत्येक अ‍ॅप अपडेट होत वाढतं, आणि मोकळी जागा एक जीबीच्या खाली गेली की खरा त्रास सुरू होतो: प्ले सर्व्हिसेस आणि वेबव्ह्यू या, बाकीची अ‍ॅप्स ज्यांवर चालतात त्या गूगलच्या भागांची अपडेट्स अर्धवट अडकतात, मग एखादं अ‍ॅप उघडताक्षणी बंद पडतं आणि लोक त्या अ‍ॅपला शिव्या देतात. उपाय या क्रमाने करा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ऑटो-अपडेट बंद. मग सेटिंग्ज, अ‍ॅप्स, सगळी अ‍ॅप्स. जे अ‍ॅप वापरत नाही पण काढताही येत नाही, त्यावर आधी 'अनइन्स्टॉल अपडेट्स', मग 'डिसेबल'. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी डिसेबल केलं तर फुगलेली अपडेट्स जागा अडवून बसतात. वापरातल्या अ‍ॅप्सचा फक्त कॅशे (तात्पुरत्या फाइली) साफ करा, डेटा नाही. डेटा साफ केला की पुन्हा लॉगिन, आणि रिमोटने पासवर्ड टाइप करण्याइतकं संथ काम दुसरं नाही. पेन ड्राइव्ह अंतर्गत स्टोरेज म्हणून जोडायचा सल्ला मिळेल. पेन ड्राइव्हचा लहान फाइली वाचण्याचा वेग कमी असतो, टीव्ही आणखी रांगतो.

होम स्क्रीनवरच्या जाहिराती पूर्ण जात नाहीत, कमी होतात. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स अँड साइन-इन, तुमचं खातं, 'अ‍ॅप्स ओन्ली मोड'. शिफारशींच्या रांगा जातात, वरची मोठी पट्टी राहते, आणि व्हॉइस सर्चवर पाणी सोडावं लागतं. प्रायव्हसी, अ‍ॅड्समध्ये जाऊन जाहिरात आयडी पुसा. पहिल्या सेटअपला ब्रँडने स्वतःचा वेगळा करार पुढे केलेला असतो, 'पाहण्याच्या सवयींची माहिती' वगैरे. त्याला नकार दिला तरी टीव्ही चालतो, फक्त नकाराचं बटण फिकट असतं. प्रोजेक्टिव्हीसारखा वेगळा लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप) बसवून ती पट्टीही टाळता येते, पण २ जीबी रॅमवर मागे दोन लाँचर जागे राहतात.

सगळ्या ब्रँडांत हेच का दिसतं, याचं एक कारण परवान्यात होतं. टीव्हीवर प्ले स्टोअर हवं तर गूगलचं बाकीचं गाठोडंही घ्यावं लागे. या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये गूगलचा तडजोडीचा प्रस्ताव मान्य केला. ₹२०.२४ कोटींची रक्कम ठरली आणि प्ले स्टोअर व प्ले सर्व्हिसेस वेगळ्या परवान्यावर देण्याचं बंधन आलं. सेलच्या यादीत त्याचा फरक पडलेला मला तरी दिसत नाही.

माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा मार्ग: फॅक्टरी रीसेट करून सेटअपला 'बेसिक टीव्ही' निवडायचं, टीव्ही इंटरनेटला जोडायचाच नाही, आणि स्ट्रीमिंगसाठी एचडीएमआयला स्टिक लावायची. स्टिकवरही जाहिराती असतात, पण तीन वर्षांनी ती मंदावली तर तीच फेकायची, टीव्ही नाही. दोन गोष्टी सांभाळा. ४के स्टिकसाठी एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारी सोय) असलेला पोर्ट लागतो, आणि स्वस्त टीव्हीत कधी कधी तो एकाच पोर्टला असतो. आणि स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. तो पोर्ट साधारण अर्धा अँपिअर देतो, ४के सुरू होताच स्टिक रीस्टार्ट व्हायला लागते. तिच्यासोबत आलेला अ‍ॅडॉप्टरच वापरा.

४केचे पैसे भरून चित्र धूसर दिसत असेल तर दोष कुणाचा हे शोधता येतं. नेटफ्लिक्सवर 'टेस्ट पॅटर्न्स' शोधून चालवा, कोपऱ्यात रिझोल्यूशन आणि बिटरेट (दर सेकंदाला येणारा डेटा) दिसतो. बिटरेट कमी असेल तर इंटरनेट बघा. ४केला नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस सांगतं. टीव्हीचा वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर सोसायटीत शेजारच्या वीस राउटरांच्या गर्दीत तेवढाही वेग टिकत नाही. लॅनचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असला तरी त्याला पुरून उरतो. वेग चांगला आणि रिझोल्यूशन तरीही ४८०च्या आसपास असेल तर वाइडवाइनची, म्हणजे व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या गूगलच्या कुलपाची, पातळी तपासा. एल१ हवी. सॉफ्टवेअर अपडेटनंतर ती एल३ झाली तर हाय डेफिनेशन बंद होतं आणि ते घरी दुरुस्त होत नाही. हा कंपनीचा दोष आहे, वॉरंटीत असाल तर तसाच लेखी नोंदवा. आणि आधी प्लॅन बघा: ₹१४९ चा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालतच नाही, ₹१९९ चा ७२०पी, ₹४९९ चा १०८०पी, ४के फक्त ₹६४९ च्या प्लॅनमध्ये. प्राइम व्हिडिओने भारतात १७ जून २०२५ पासून जाहिराती सुरू केल्या. त्या नको असतील तर ₹१,४९९ च्या वर वर्षाला आणखी ₹६९९. आधी पूर्ण मिळणारी वस्तू अर्धी करून उरलेली अर्धी वेगळी विकायची, याला शुद्ध मराठीत काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. छोटी स्ट्रीमिंग अ‍ॅप्स एक-दोन रुपयांच्या 'ट्रायल'ला यूपीआय ऑटोपे लावून घेतात आणि आठवड्याने तिमाहीचे पैसे कापतात. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेटची (आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांची) यादी उघडा आणि प्रत्येक नोंदीची कमाल रक्कम वाचा. ₹१९९ च्या प्लॅनला ₹५,००० ची मर्यादा दिलेली सापडेल. म्हणजे उद्या दर वाढला तरी तुमचा पिन न विचारता पैसे जाऊ शकतात, कारण ₹१५,००० पर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी पडताळणी लागत नाही. 'पॉज' नाही, 'रिव्होक' किंवा 'कॅन्सल' दाबा. पॉजची मुदत संपली की कपात पुन्हा सुरू होते. कार्डावरचं मँडेट बँकेच्या संकेतस्थळावर आणि प्ले स्टोअरमधून घेतलेली वर्गणी प्ले स्टोअरमध्येच बंद होते. कपातीच्या २४ तास आधी सूचना देणं बंधनकारक आहे, तो एसएमएस प्रमोशनल समजून पुसू नका.

सेवा केंद्राचा अनुभव: तक्रार नोंदवणं सोपं, टिकवणं अवघड. तंत्रज्ञ आल्यावर 'हॅपी कोड' मागतो. तो दिला की कंपनीच्या हिशेबात तक्रार मिटलेली असते, मग टीव्ही अंधारात का असेना. चालू झालेला टीव्ही बघितल्याशिवाय कोड देऊ नका आणि जॉबशीटचा फोटो घ्या. त्यावर 'बाह्य आघात' असं काही नसताना लिहिलं असेल तर सही करू नका. खरेदी ऑनलाइन असेल तर संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. उत्तर आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि तिथेही अडलं तर ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत ₹५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत असते, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. फसव्या बटणांबद्दल आणि गुपचूप कार्टमध्ये टाकलेल्या वॉरंटीबद्दल तक्रार असेल तर 'डार्क पॅटर्न' हाच शब्द वापरा. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत असे १३ प्रकार नावानिशी दिले आहेत, सबस्क्रिप्शनचा सापळा त्यात आहे.

या प्रत्येक पायरीवर सीरियल नंबर विचारतात. त्याचा स्टिकर टीव्हीच्या पाठीवर असतो, म्हणून भिंतीवर टांगण्याआधीच त्याचा फोटो काढा. खोकंही बदलून घेण्याची मुदत संपेपर्यंत माळ्यावर असू द्या, खोक्याशिवाय टीव्ही बदलून देत नाहीत.