जांगडवर गेली अस्सल, परत आली नक्कल

वाडा पाडायच्या आधी माळ्यावरच्या ट्रंका खाली काढताय? मग आत जुन्या फोटो-पोस्टकार्डांचा काळ्या पानांचा आल्बम सापडला तर तो रद्दीवाल्याला देऊ नका, आणि जुन्या फोटोंचे शौकीन म्हणून दारात येणाऱ्याच्या हातीही सोडू नका. कोल्हापुरात शिवाजी पेठेत माझ्या आतेभावाच्या घरी काय झालं ते नावं गाळून सांगतो.

वाडा बिल्डरला दिला. हंडे-घागरी मोडीत गेल्या, झोपाळा एका हॉटेलवाल्यानं उचलला. आल्बम तेवढा भावानं माझ्याकडे आणला, कारण माझी उमेद डार्करूममध्ये गेली. आम्ही भिंग घेऊन बसलो. छापील चित्रकार्ड असेल तर भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसते. खऱ्या फोटोत जाळी नसते, काळ्याचा करडा होत होत पांढऱ्यात विरतो. असं कार्ड म्हणजे निगेटिव्हवरून थेट काढलेला फोटो, फक्त कागदाच्या पाठीवर पत्त्याच्या रेघा छापलेल्या. कोडॅकनं १९०३ साली पोस्टकार्डाच्याच मापाची निगेटिव्ह देणारा घडीचा कॅमेरा काढला, तेव्हापासून हौशी लोकही अशी कार्डं करू लागले. एका फोटोच्या चार-दोन प्रती निघायच्या, कधी एकच. किंमत येते ती त्यामुळे. ताजमहालाचं छापील कार्ड हजारांनी निघालं, त्याला कोण विचारतो?

आल्बममध्ये नवीन राजवाड्याची, रंकाळ्याची छापील कार्डं बरीच होती. खरे फोटो अठरा निघाले. लंगोट लावून उभे पैलवान, स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढं बसलेली नऊवारीतली बाई, आणि पलटणीच्या गणवेशातले भावाचे पणजोबा. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, पणजोबा त्यांतल्याच एकीत होते. कार्डाच्या पाठीवर मोडी लिपीत चार ओळी, पंचम जॉर्जचं तिकीट, वर शिक्का. सगळ्यांत मोलाचं तेच.

भावानं व्हॉट्सॲपवर एका ग्रुपात फोटो टाकले आणि आठवड्याच्या आत पुण्याचा म्हणून एक गृहस्थ हजर. मी तेव्हा लग्नाला गडहिंग्लजला. परत आल्यावर वहिनी सांगत होत्या, "भाऊजी, माणूस लई चांगला वाटला बघा. चहा घेतला, आत्यांच्या पाया पडला."

त्याची पद्धत नीट बघा. हलक्या कार्डांबद्दल तो अक्षर न् अक्षर खरं बोलला. पाठीवर तिकीट चिकटवायच्या छापील चौकटीत 'अ‍ॅझो' हा अमेरिकी कागदाचा छाप होता, तो दाखवून म्हणाला, "कोपऱ्यांत चारी त्रिकोण वर टोक करून असते तर १९०४ ते १९१८ धरलं असतं. इथं चौकोन आहेत, म्हणजे १९२५ नंतरचं." बरोबर आहे, जाणकार असंच धरतात. अशी सहा कार्डं त्यानं रास्त भावात जागेवर घेतली, रोख मोजली. उरलेल्या बारांबद्दल म्हणाला, "ही भारी आहेत, मुंबईत दाखवावी लागतील, जांगडवर द्या." म्हणजे विकली तर पैसे, नाही तर माल परत. वर पाच हजार इसार ठेवला. चिठ्ठी झाली: 'जुने फोटो, बारा नग, जांगड.' खाली सही.

तीन आठवड्यांनी बारा नग परत आले. बाजार पडलाय म्हणाला, इसारही परत मागून घेतला. नग मोजून बरोबर भरले.

त्या रात्री मी पणजोबांचं कार्ड हातात घेतलं आणि बोटांनाच कळलं. जुन्या फोटोत कडेच्या काळ्या भागात चांदी वर येते, कार्ड दिव्याखाली तिरकं धरलं की निळसर झळकते. इथं तो पट्टा दिसत होता, पण झळकत नव्हता. कुणीतरी झळकेचाच फोटो काढून करडा डाग छापला होता! भिंग लावलं तर तपकिरी छटेत पिवळे, गुलाबी, निळे ठिपके. म्हणजे स्कॅन करून प्रिंटरवर काढलेलं. पाठ त्याहून गमतीची. आल्बममधून उपटताना चिकटून आलेला काळ्या कागदाचा कपटा तिथं हुबेहूब होता, पण नख लावलं तर सपाट. टाकाच्या दाबाचा खळगा नाही, तिकिटाला कड नाही. शेवटी गल्लीतल्या दुकानातला नोटा तपासायचा जांभळा दिवा आणला. पाठ ट्यूबलाइटसारखी उजळली. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं १९५० च्या सुमारानंतरची. त्यामुळे उजळलेला कागद पहिल्या महायुद्धातला असूच शकत नाही. (उलट धरू नका. उजळला नाही म्हणून जुना ठरत नाही.) बारांपैकी पाच अशी निघाली. बाकी सात खरीच होती, त्यानं मुद्दाम तशी परत मिसळली होती. सगळी खोटी असती तर भावानंसुद्धा ओळखली असती.

फोन केला तर शांतपणे म्हणतो, "काका, दिलं तेच परत दिलं. मोजून घेतलंत ना?" पोलिसांनी अर्ज घेतला, पण त्यांनीही हेच विचारलं की आधी खरी होती कशावरून? ग्रुपात टाकलेले फोटो समोरून काढलेले, आणि नक्कल समोरून तशीच दिसते. चिठ्ठीवर पणजोबा नाहीत, पैलवान नाहीत, नुसते नग.

म्हणून कार्ड घराबाहेर जाणार असेल तर प्रत्येकाचा पुढून, मागून आणि उजेडात तिरका धरून असे तीन फोटो काढा. तिरका सोडू नका, चांदीची झळक छापून आणता येत नाही. चिठ्ठीवर कार्डागणिक वर्णन हवं: कोपरा कुठं दुमडलाय, शिक्का कुठला, पाठीवर काय लिहिलंय, आणि हरवलं किंवा बदललं तर किती रुपये द्यायचे. खाली आधार कार्डाची प्रत. माझं मत विचाराल तर जांगडवर देऊच नका. खरा घेणारा तुमच्या टेबलावर भिंग लावून बघतो, भाव पाडतो, तासभर घासाघीस करतो आणि पैसे टाकून कार्ड नेतो. मोबाइलवरून पैसे पाठवतो म्हणाला तर ध्यानात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकायला सांगितला की समजा खातं रिकामं होणार. तसं झालंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

त्याचा तो नंबर आता बंद आहे, पण माणूस धंद्यात आहे. परवाच कळलं, इचलकरंजीत एका घरी असाच इसार ठेवून गेलाय. चाळिशीचा, बोलायला गोड, स्वतःचं भिंग कापडी पिशवीत. त्यांना आम्ही आमच्या अर्जाची प्रत पाठवली आहे. तुमच्याकडे येऊन गेला असेल तर परत आलेली कार्डं आजच दिव्याखाली धरा, आणि खोटी निघाली तरी फेकू नका, तक्रारीला तीच लागतात.